मानेवाडा, डिसेंबर

दिवसभर लांजेवार चौकातल्या टपरीवर
रमी खेळतात, दोन रुपयांसाठी भांडतात.
रात्री पायांवरची धूळ धुतात,
अधिवेशनात घालायचे तो कोट चढवतात
आणि टेबलाशी बसतात.

पाचशे वर्षांपूर्वी, फ्लॉरेन्सकडे,
असाच एक चिटणीस पद गेल्यावर
दरबारी कपडे घालून
मेलेल्यांशी बोलत बसे, म्हणतात.
आणि ते त्याला उत्तरं देत.

लांजेवारांना कुत्री ऐकू येतात,
अन् विधानभवनाकडे जाणारे सायरन.

ते लिहितात:
साहेब, ज्याला तुम्ही उपकाराने बांधलं
तो थंडी पडली की
दोर जाळून शेकतो.

छान जमलं.
पेनाचं टोपण लावताना आठवतं,
साहेबांना हे
त्यांनीच शिकवलं होतं.

गळ्यापर्यंत बटणं लावून
ते बसून राहतात.