काडी तपासणी

पळशाचा पोरगा म्हणे हवेतच वळतो.
रंजनच्या सलूनमध्ये, माझी अर्धी दाढी झालेली,
दिनू पिंगळेनं मोबाईल नाकासमोर धरला:
बारा सेकंद, वर ढोल लावलेला,
प्रज्योत गायधनी, वय एकोणीस,
तिघांच्या डोक्यावरून मध्यरेषेपलीकडे.
"सिन्नरला एका डावात अठरा गुण."
दुपारी भेळेच्या गाडीवर त्याचे बावीस झाले.
रात्री मैदानात थेटे सर म्हणाले, "पंचवीस ऐकतोय,"
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

डावा कोपरा मी. मखमलाबादचा. चौदा वर्षं.
दिवाळीनंतर पहिला सामना पळशाशीच,
आणि तो येणार तो माझ्याच अंगावर.

माझं पोट कशावर चालतं ते सांगतो.
आडगाव नाक्यामागच्या प्रयोगशाळेत
मी द्राक्षाच्या काड्या चिरतो.
छाटणीच्या तोंडावर लोक गठ्ठे आणतात
ओल्या गोणपाटात, प्लॉटची चिठ्ठी बांधून.
डोळा ब्लेडनं उभा कापायचा, भिंगाखाली धरायचा.
चौथ्यात घड. पाचव्यात घड. सहाव्यात नुसती बाळी.
घड म्हणजे मोहरीहून बारीक, पांढुरकं काहीतरी,
सवय नसेल तर दिसतही नाही.
मी लिहून देतो: पाचव्या डोळ्यावर छाटा.
खाली छापलेलंच असतं: हा अंदाज आहे, हमी नाही.
ती ओळ वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.
मग आठ दिवस ढग बसतात, घड जिरतो,
आणि लोक येऊन म्हणतात, तुमचं भिंग खोटं.
भिंग खोटं नव्हतं हो.
घड होता. मी पाहिला होता.

म्हणून रविवारी, बायकोलाही न सांगता,
गाडी काढली. द्वारका, बिटको, चेहेडीचा पूल.
डिकीत काड्यांचा एक गठ्ठा टाकला,
कोणी हटकलंच तर "नमुने न्यायला आलोय" म्हणायला.
शाळेमागं बाभळीआड उभा राहिलो, उजाडता उजाडता.

हवेत नाही वळला तो.
एकदासुद्धा नाही.
अर्धा तास नुसता पकडला जात होता,
घोट्याला हात लागला की दम सुटायचा,
बोनसला पाय टाकताना मागची टाच उचलायची उशिरा.
मी मनात म्हटलं, संपलं. बाळी.

बाकीची पोरं चहाला गेली.
त्यानं सहा चपला मांडल्या समोर, सहा गड्यांच्या जागी,
आणि सातवी, डाव्या कोपऱ्यात, स्वतःची पाण्याची बाटली.
मग रिकाम्या मैदानाला ऐकू जाईल असं
कबड्डी कबड्डी करत आत शिरला.
चपलांकडे लक्षच नव्हतं त्याचं.
येत होता तो बाटलीकडे, पुन्हा पुन्हा बाटलीकडे,
अंगठ्यानं नुसती शिवायची, पडू द्यायची नाही.
पडली की परत जाऊन, तितक्याच अंतरावर, उभी करायचा.
आणि ते अंतर!
एवढ्या लांब कोणी कोपरा उभा राहत नाही.
मी राहायचो, विसाव्या वर्षी,
पेपरात माझा "लोखंडी पंजा" छापून आला होता तेव्हा.

म्हणजे इकडेही कुणाची तरी अर्धी दाढी झालेली असताना
कुणीतरी माझं काहीबाही सांगितलेलं दिसतंय,
आणि पोरानं ते खरं मानलंय.
त्याला माहीत नाही की माझ्या उजव्या हाताचा अंगठा
दोन वर्षं झाली, वळत नाही.

सोमवारी दिनूनं विचारलं, "काय रे, खरंय का?"
"काय?"
"पळशाचं."
मी ब्लेड पुसलं. म्हटलं, "पंचवीस खोटं. अठराही खोटं असेल.
घड आहे."
त्याला वाटलं मी काडीबद्दल बोलतोय.

टाचेचं मी कोणाला सांगितलं नाही. थेटे सरांनाही नाही.
ती उशिरा उचलते, तेवढ्या वेळात
न वळणारा अंगठा कुठवर पोचतो
ते बघायचंय मला.