आहेराची वही

मांडवाच्या उजव्या हाताला
टेबल, स्टीलचा डबा, लाल पुठ्ठ्याची वही
आणि मी.
पारोळ्यापासून बोरीकाठच्या गावांत
एकोणीस वर्षं आहेराला माझंच अक्षर.
शेजारी बापू, माईकवर.

पहिलं नाव खोटं असतं.
‘हिलाल दगा पाटील, पाचशे एक!’
असा कोणी हिलाल नाही.
कोरड्या पंपाला आधी वरून
बादलीभर पाणी पाजावं लागतं, तसं ते.

मग रांगेतले खिसे हलतात.
शंभराची घडी मुठीतून परत आत जाते,
कुणी मेव्हण्याच्या कानाशी लागतो,
कुणी चप्पल बघून येतो म्हणत मागे वळतो
आणि उसने घेऊन येतो.

परवा केसरबाई आली.
पदराची गाठ सोडली. अकरा.
बापूनं माईकवर हात ठेवला,
तिची लाज राखायला.
ती म्हणाली, ‘सांग ना भो, जोरमा सांग,
अकरा रुप्या.’

सांगितले.
बट्ट्या तळणारा आचारीसुद्धा थांबला.
आणि मग, वही आहे, दाखवतो,
एकावन्न, एकावन्न, एकवीस,
एकशे एक, पुन्हा एकवीस.
नावांपुढचे आकडे सैल होत गेले
जेवणानंतरच्या करदोड्यासारखे.

यजमान अजून माझ्याशी बोलत नाही.

रात्री डबा मोजून उठलो
तर माझं पाकीट खिशातच राहिलेलं.
आत पाचशे एक.
घरून निघताना भरले होते,
हिलालला घाबरून.