आधी चालू बोर्डावर

मे महिना, सक्करदरा. कूलरचा पत्रा
झिणझिण्या देतो म्हणून बोलावलेलं.
उमाठे मास्तर दारातच म्हणाले,
"हात पूस पोरी. चप्पल राहू दे."

फ्यूज काढून त्यांनी खिशात घातला,
खर्र्याच्या पुडीशेजारी.

हॉलच्या चालू सॉकेटात टेस्टर:
टोपीवर बोट, दांडीला नाही.
काचेत ज्वारीच्या दाण्याएवढा केशरी जीव.
मग कूलरची वायर.
काहीच नाही.
मी पक्कड उचलली.

"काऊन घाई? टेस्टरच मेला असन तं?"

पुन्हा हॉल. पुन्हा तो दाणा.
तेव्हा कुठे त्यांनी वायरला हात लावला,
तोही उजवा.
डाव्या हाताची करंगळी त्यांची
वळत नाही.
कधीपासून, मी विचारलेलं नाही.