वारस : लांबी शून्य

खानापूर शाखेतून अंजनी हुंदऱ्यांचा फोन आला तेव्हा
मी दुसऱ्या गेटाशी स्कूटर बंद करून उभी,
मालगाडी संपता संपत नव्हती.
'मॅडम, अर्ध्यातच भायेर काढायलंय की हे!
गंगव्वा समोर बसलीय, ठेव ठेवायचीय,
वारस कोण लिहू म्हटलं, तर विचार करायलीय.
थोरला गोव्यात, धाकटा बोलत न्हाई,
लेक दिलीय घटप्रभेला.
तिचं ठरेपर्यंत हे पुन्हा पासवर्ड मागतंय.
चारदा झालं.'

वीस मिनिटं.
मीच लिहिली होती ती. कुणाला विचारून नव्हे,
सगळे वीसच लिहितात.

त्याच दुपारी वीस मिनिटांचे चोवीस तास केले
आणि सेशनच्या फाइलींना नवं फोल्डर दिलं;
जुन्यात मशीनचा स्वतःचा झाडूवाला
दर अर्ध्या तासाला येतो, तो माझं ऐकत नाही.
नव्यात कुणीच येत नाही,
हे तेव्हा सुचलं नाही.
'चालायलंय आता,' अंजनी म्हणाली.
मी खूश.

शंभर दिवसांनी, मंगळवारी सकाळी,
नंदगड, चिकोडी, निपाणी, एकाच वेळी फोन.
कुणालाच आत येता येईना.
मशीन म्हणतं जागा नाही.
बघते तर डिस्क निम्मी मोकळी!

वडगावात माझ्या खोलीखाली तवनाप्पांचे दोन माग.
वीज गेली म्हणून ते वर आले, चहा मागत,
आणि माझं तोंड बघून म्हणाले, काय झालं ग?
म्हटलं, वही आहे, पानं कोरी आहेत,
पण अनुक्रमणिकेत नवं नाव लिहायला
एक ओळ उरली नाही.
'मग अनुक्रमणिका भरली कुणी?'

हा प्रश्न मला तासभर सुचला नव्हता.

पहारेकऱ्यानं. दर पाच सेकंदांनी तो
सर्व्हरला हाक मारतो: हाईस काय?
सर्व्हर म्हणतो: हाय.
आणि आलेल्या पाहुण्याच्या नावानं
एक फाइल उघडून ठेवतो.
पहारेकरी मागची ओळख सांगत नाही,
म्हणून दरवेळी पाहुणा नवा.
सतरा लाख फाइली, शून्य बाइटच्या,
सगळ्या एकाच प्रश्नाच्या.
तवनाप्पा हसले, बशीतला चहा सांडला.
'विचारून विचारूनच मारलंस की त्याला!'

सगळ्या पुसून टाक, असं सांगितलं
तर उत्तर आलं: यादी फार लांब आहे.
एका मुठीत मावत नव्हत्या.
एकेक उचलायला लावलं,
पण त्याआधी शून्याहून जड तेवढ्या
बाजूला काढल्या. शेकड्यांत होत्या.
त्यांत ही: त्याच शुक्रवारची, चार वाजून दहा.
ठेवीदार, गंगव्वा भरमाप्पा नाईक.
रक्कम, चाळीस हजार.
मुदत, तीन वर्षं.
वारस, लांबी शून्य,
दोन अवतरणचिन्हं
आणि मध्ये काही नाही.

खाली वीज आली. माग सुरू झाले,
तवनाप्पा कप तिथंच ठेवून धावले.
पहारेकऱ्यासाठी फाइल उघडायची नाही, हे लिहिलं.
झाडूवाल्याला नव्या फोल्डरचा पत्ता दिला.
वेळ परत वीस मिनिटं, पण
शेवटच्या स्पर्शापासून मोजलेली.
निपाणीतून कुणीतरी आत आलं. मग चिकोडी.

अंजनीला फोन केला.
त्या गंगव्वानं कुणाचं नाव घातलं शेवटी?
'कुठली? ती होय. उद्या येत्ये म्हणून गेली,
पैसे परत पिशवीत घालून.
आली न्हाई बघा अजून.'

फाइल पुसली. चोवीस तास कधीच उलटले होते.
मग फॉर्मच्या तळाशी एक बटण वाढवलं,
'अर्धवट राहू दे',
आणि त्याखाली तेच कानडीत,
शेजारच्या शिवलीलेला दोनदा विचारून.
या बटणाला मुदत किती,
तो रकाना मी अजून भरलेला नाही.