मंगळबाजारचे फुगे

मंगळबाजारात मी घासाघीस गुजरातीत करते
आणि हिशेब मनातल्या मनात मराठीत मांडते,
म्हणजे दुकानदाराला माझा चेहरा वाचता येत नाही
अशी माझी समजूत.
त्याला सगळं वाचता येतं.
"साठमां सो नंग, बेन. सोनेरी. पार्टीनो माल छे."
कुठल्या पार्टीचा, हे मी विचारलं नाही.
चाळीसपासून सुरू केलं, पंचावन्नला थांबलो,
वर त्याने एक पंप दिला, जो चालत नव्हता,
तो परत करून मी दोन मेणबत्त्या घेतल्या.
पाच रुपये वाचले.
रिक्षाला सत्तर गेले, ते यात धरायचे नसतात.

रविवारी दुपारी सुहास फुगवायला बसला.
न फुगलेल्या फुग्यावर मुंग्या दिसत होत्या,
मला वाटलं नक्षी.
हवा भरत गेली तशा मुंग्या अक्षरं झाल्या,
अक्षरं तळहाताएवढी झाली:
फाल्गुनी वेड्स नीलेश.
मागे मोर.
शंभरच्या शंभर फुग्यांवर.
"वाढदिवस नक्की कुणाचा आहे?"
सुहासने दुखरे गाल चोळत विचारलं.

मी सगळी नावं भिंतीकडे वळवून टांगली.
पंख्याने ती एकेक करून पाहुण्यांकडे वळवली.

कुमुदआत्या चष्मा पुसत म्हणाल्या, लग्न मोडलं असणार,
नाहीतर माल बाजारात येतो कसा?
मुलानेच नकार दिला असेल, हल्लीची मुलं.
"ना ना, छोकरीए ज ना पाडी हशे,"
शेजारच्या जिग्नाबेन उसळल्या.
दहा मिनिटांत सोफ्यावर वरपक्ष बसला
आणि खुर्च्यांवर वधूपक्ष,
लीलो चिवडा इकडून तिकडे जाईना.
सुहास मधोमध कोल्ड्रिंक ओतत उभा,
ग्लास अर्धाच, वर फेस,
माझी सूचना होती तशी.

निमिषने विचारलं, "फाल्गुनी कोण?"
"माझी मैत्रीण," मी म्हटलं.
थाप फुकट असते, म्हणून मला ती सुचते.
"येणारे?"
"बघू."
मग मेणबत्त्या निम्म्या वितळल्या तरी
हा सुरी हातात घेईना.
तेवीस मुलं केकभोवती, नाकं क्रीमपासून वीतभर,
आणि उत्सवमूर्ती दाराकडे बघत:
"थांबा ना, फाल्गुनी यायचीय."
वरपक्षसुद्धा गप्प झाला.

शेवटी हेत्वीनेच फुंकर मारली, तिला भूक लागली होती.
अर्ध्या किलोचे छत्तीस तुकडे,
आत्यांनी दोऱ्याने कापले, वडीसारखे.
एक तुकडा निमिषने झाकून ठेवला.
जाताना प्रत्येकाला शिट्टीवाली पेन्सिल,
दोन डझन घेतल्या की एक रुपया कमी पडतो म्हणून दोन डझन.
रात्री अकरापर्यंत आमची अख्खी सोसायटी
ट्रॅफिक पोलिसांची वसाहत वाटत होती.
जिग्नाबेननी फोन केला, बोलल्या नाहीत,
फक्त रिसीव्हर शिट्टीजवळ धरला.

उरलेली चोविसावी पेन्सिल
मी पुढच्या वर्षासाठी कपाटात टाकणार होते.
निमिषने ती वर्तमानपत्रात गुंडाळली,
चिकटपट्टी माझी, जवळजवळ अर्धं रीळ,
आणि वर लिहिलं: फालगूनि.
झाकलेला केक सोमवारी मी खाल्ला.
उभ्याउभ्या, ओट्याशी, पाठ करून.

गुरुवारपर्यंत फुगे सुरकुतले,
मोर आधी गेले, मग नीलेश.
कपाटामागे सापडलेल्या एकावर तिचं नाव
पुन्हा मुंगीएवढं झालेलं.
कुठे असेल ही मुलगी?
फतेहगंजात, माहेरी,
की दुसऱ्याच कुणाबरोबर सुखात?
की छापणाऱ्यानेच नाव चुकवलं
आणि ती कुणा शैलेशबरोबर
नव्या फुग्यांखाली जेवून मोकळी झाली?

त्यानंतर पाच वाढदिवसांना बोलावणं आलं.
घरात ऐनवेळी द्यायला काहीच नव्हतं,
एकदा तर मी ड्रॉवर उघडून उभी राहिले.
पेन्सिल अजून तिथेच आहे.
मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा,
ही काय साधी गोष्ट नाही.