इंचभर माया

तेराव्याचं जेवण उरकत आलं होतं.
जिलबीच्या पाकावर माशा,
आणि दादा जिन्यात उभा राहून
केटररशी ताटांच्या आकड्यावरून घालत होता वाद.
तेव्हा तो आला. चपला काढल्या
बाकीच्या जोड्यांपासून जरा लांब.
"उरुळी कांचनहून," म्हणाला.
"मास्तरांकडं कपडे टाकायचो."

रास्ता पेठेतल्या आमच्या दुकानात
अर्धी पेठ कपडे टाकायची.
कुणी काही विचारलं नाही.
पान मांडलं, मठ्ठा वाढला.

कुमुदताई वाढता वाढता थांबली.
त्याच्या कॉलरच्या टोकाशी,
जिथं बाकीचे शिंपी सरळ शिवण मारून मोकळे होतात,
अण्णा एक आडवा टाका घ्यायचे.
का, ते त्यांनाच ठाऊक.
आमच्या गणवेशांवर तो होता,
ताईच्या नवऱ्याच्या लग्नातल्या सफारीवर होता,
आणि आता इथं,
बटाट्याच्या भाजीच्या वाफेत.

शर्ट जुना. कडेच्या शिवणी उसवून सैल केलेला,
पहिल्या शिवणीची रेघ अजून गडद.
अण्णा म्हणायचे, आत इंचभर माया ठेवावी,
माणूस कसा वाढेल सांगता येत नाही.

"कधी शिवलेला?" ताईनं विचारलं.
"मुलीच्या बारशाला. मी येणं सोडलं होतं तेव्हा.
माप न देताच आला. बसला अगदी बरोबर."

मी माळ्यावरून वह्या काढल्या.
लाल बांधणीच्या, मापांच्या, एकेका सालाच्या.
प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर, उधारीच्या खाली:
वि. उरुळी.
छाती बावीस.
पुढच्या दिवाळीला साडेतेवीस.
मग पंचवीस, बाही एकदम दोन इंच लांब,
त्या वर्षी माझीही तेवढीच वाढली होती.
दर नाही, ॲडव्हान्स नाही, तारीख नाही.
छत्तीसच्या पुढं तर
प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेलं, अंदाजे.

दिवाळीला लक्ष्मी रोडवरून
एकाच ताग्यातलं कापड यायचं आम्हा तिघांना.
दरवर्षी आई म्हणायची, आणलं होतं तर भरपूर.
अण्णा खडू झटकत म्हणायचे,
नवं कापड आटतं.
मी हे खरं मानलं.
माझ्या मुलालासुद्धा सांगितलंय.

"म्हणजे?" दादा म्हणाला. "म्हणजे काय?"
वारसांचा अर्ज त्यानंच भरला होता,
तीन नावं, खाली तिरकी रेघ मारून.

आई भिंतीला टेकून बसली होती.
तेरा दिवसांत ती एवढं बोलली नव्हती.
"काजं मी केलीत त्याची. सगळी, हातानं.
तुमच्या अण्णांना काजं कधी धड जमली नाहीत."

मग त्याच्याकडं न बघता,
"आई कशी आहे तुझी?"
"गेली. करोनात."
"कळवलं नाहीस."
"मास्तरांना कळवलं होतं."

त्या उन्हाळ्यात अण्णा तीन दिवस
डोळे दुखतात म्हणून अंधारात पडून होते.
ताईनं गुलाबपाणी आणून दिलं होतं.
आईनं आता मान हलवली,
एखादी जुनी उधारी जुळावी तशी.

त्यानं आपलं ताट स्वतः विसळलं.
निघताना आईनं त्याला जवळ बोलावलं,
शर्टाचा घेर उलटा करून
शिवण चष्म्याजवळ धरून पाहिली.
"यात आता काही शिल्लक नाही," म्हणाली.
"नवाच शिवायला हवा."
आणि आम्हा तिघांकडं वळून,
"दुकानाची किल्ली कुणाकडं आहे रे?"

दादा जिन्याकडं बघत राहिला.
मशीन परवाच दिलं होतं,
चार हजारांना,
कात्रीसकट.