त्रेचाळीस

वीस मिनिटं. घड्याळ मांडीवर, वल्हं आडवं.
आधी पाण्याचा तुकडा ठरवते:
त्या वाळक्या झाडापासून या तरंगत्या गवतापर्यंत,
एवढंच माझं.
पलीकडे कुणी उसळलं तर ते शेजारच्या होडीचं.

पिरारुकूला आपल्यासारखीच हवा लागते.
माणसाहून लांब, तांबड्या शेपटीचा हा मासा
थोड्या थोड्या वेळाने वर येतो, तोंड उघडतो
आणि त्या एका घोटात सापडतो.
पूर्वी भाल्यावर. आता माझ्या कागदावर.

थोराडाचा श्वास जड, ओलं पोतं पाण्यात टाकावं तसा.
पिल्लाचा नुसता चटका.
थोराड आला की मक्याचा एक दाणा
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
पिल्लांसाठी असाईच्या बिया, त्या वेगळ्या पिशवीत.

शहरातल्या लोकांनी परीक्षा घेतली होती.
एक डबकं जाळ्याने उपसून खरे मासे मोजले,
मग आमचे आकडे पाहिले.
मी पास. जुसेलिनोमामा नापास,
ज्याने मला ऐकायला शिकवलं.
त्याचा आकडा बरोबर होता, पण डोळ्यांत मोतीबिंदू,
आणि सही करताना पेन कागद सोडून
टेबलावरून चालत गेलं.

तरी तो येतो. नाळेवर बसतो, पाठ माझ्याकडे,
कसाव्याचं भाजकं पीठ मुठीने तोंडात टाकत.

त्याच्या तरुणपणी व्यापाऱ्याची बोट मीठ आणायची
आणि तेच मीठ मासा होऊन परत जायचं.
किती मारले, विचारलं तर म्हणतो,
तेव्हा मोजायचं कशाला? संपणारी गोष्ट मोजतात.
मग एका वर्षी तो भाला घेऊन तीन दिवस बसला
आणि तीन दिवस तळ्याने श्वास घेतला नाही.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
वैर नव्हतंच.
भूक होती, आणि मीठ उधार मिळत होतं.

आता शंभर दिसले तर तीस मारायचे.
दीड मीटरच्या आतला सोडायचा.
पाणी चढलं की हात लावायचा नाही,
तेव्हा बाप पिल्लांचा घोळका
आपल्या काळवंडलेल्या डोक्याभोवती घेऊन फिरत असतो.
मारलेल्या प्रत्येकाच्या जबड्यात नंबराची पट्टी,
पट्टी नाही तर चोरी,
मासा तुमच्या दारातला का असेना.
गेल्या हंगामात एदिवानच्या होडीत बिनपट्टीचा सापडला.
माझ्या बहिणीचा मुलगा. रात्रीचा पहारा माझा होता,
वहीत नाव मी लिहिलं.
बहीण अजून माझ्याकडची कॉफी पीत नाही.

आज सातवा तुकडा संपला तेव्हा
उजव्या खिशात एक्केचाळीस दाणे होते. दोनदा मोजले.
मामा म्हणाला, त्रेचाळीस.
मघाशी दोघं एकदम वर आले,
एकाच्या श्वासाखाली दुसऱ्याचा श्वास.
आणि एकदा तू डास मारत होतीस.

मी कागद काढला.
परवानाधारकाने स्वतः नोंदलेले, असं वरच छापलंय.
एक्केचाळीसचे तीस टक्के: बारा.
मनातल्या मनात त्रेचाळीसचेही काढून पाहिले,
बाराच, वर थोडं मोठं शेपूट.
कागद शेपूट कापतो.

एक्केचाळीस लिहिलं. खाली ओस्मारिना, तारीख, तळ्याचं नाव.

लिहिल्याचा आवाज त्याला कळतो.
बरं झालं, म्हणाला, ते दोघं माझे.
तुझे म्हणजे? मारणार?
तो बोलला नाही. दाढीतलं पीठ झटकलं,
तेवढ्यावरही लहान मासे धावून आले.

होडी वळवली तेव्हा मागे काहीतरी जड उसळलं.
वेळ संपली होती, म्हणून मी मोजलं नाही.
मामाचं बोट मांडीवर एकदा आपटलं.